बाप्पाला लिहिलेलं खासगी पत्र

जयपूरला बावीस वर्षं काढल्यावर मी छातीठोकपणे सांगते, इथे मराठीसारखं दुसरं कुलूप नाही! भाजीवाल्यासमोर त्याच्याच भेंडीला नावं ठेवा, शेजारणीच्या देखत तिच्या पडद्यांना हसा, कुणाच्या बापाला कळत नाही. म्हणून मी आमच्या ह्यांना म्हटलं, "पत्र मराठीत लिहिते. देवाला कळेल, पुजाऱ्याला कळणार नाही. चिंताच नको!"

"बघ बाई," हे म्हणाले. हे म्हणजे उत्तमराव. कॉलेजात भूगोल शिकवतात आणि घरात स्वतःचा चष्मा शोधत फिरतात.

कसलं पत्र, ते सांगते. आमच्या शमिकाचं लग्न पुढच्या महिन्यात. मुलगा अभिजित, सैन्यात कॅप्टन, लाखात एक. त्यातच मराठी मंडळाची एका दिवसाची सहल निघाली खोहगढला. डोंगरमाथ्यावरचं पुरातन गाव. आता तिथे वीसेक घरं, दोनशे वानरं आणि एक फार जुना गणपती. लग्नाची पहिली पत्रिका ह्या गणपतीला द्यायची आणि सोबत मनातलं पत्र लिहायचं, असा तिथला रिवाज. पत्रावर पूर्ण पत्ता हवा, नाहीतर देव येणार कुठे?

आणि मनातलं तर माझ्याकडे पोत्यानं साठलं होतं! सगळं एकाच माणसाबद्दल. आमच्या विहीणबाई, सुनंदाताई. ह्या बाईंनी थोरल्या मुलाचं जमलेलं लग्न निव्वळ "आमच्याकडे असं चालत नाही" एवढ्या एका वाक्यावर मोडलं होतं. त्यामुळे साखरपुड्यापासून मी तोंडाला शिवण घातलेली. मग कुठेतरी बोलायला नको? चार पानं भरली!

बस सहाची होती. मंडळाची बस म्हणजे सव्वासातला प्रताप नगरहून हलली. आणि माझ्या शेजारी कोण येऊन बसलं? सुनंदाताई!

"आमच्या मेसमध्ये बस पाचच्या ठोक्याला सुटायची," त्या म्हणाल्या. यजमान फौजेतले, त्यामुळे ह्यांच्या दर वाक्यात फौजेची मेस.

"हो का?"

"आमच्या मेसमध्ये प्रवासात असं कागदात खात नाहीत. हं, घ्या, मी केलेल्या शंकरपाळ्या."

घेतली. चावली. म्हणजे चावायचा प्रयत्न केला. कुठेतरी कट्ट असा आवाज आला, तो शंकरपाळीचा नव्हता! त्या खिडकीतून उंट बघत होत्या तेवढ्यात मी पर्समधून पत्र काढलं आणि ताजा कलम जोडून टाकला.

माझा बेत साधा होता. सगळ्यांच्या आधी चढायचं, पत्र द्यायचं, मोकळं व्हायचं. तीनशे पायऱ्या मी एका दमात चढले! सुनंदाताई गुडघ्यांमुळे मागे, डोलीतून येत होत्या. पुजाऱ्याने पत्र घेतलं, कपाळाला लावलं आणि ढिगात ठेवलं.

"माताजी, आरती के बाद सब चिट्ठियाँ पढ़ेंगे."

"पढ़ेंगे? मतलब मन में ना?"

"अरे नहीं! भगवान बुजुर्ग हैं. माइक पर पढ़ते हैं."

माइक! "पंडितजी, वापस दे दीजिए, मेरा कोई अर्जेंट नहीं है!"

"चढ़ी हुई चिट्ठी वापस नहीं होती," तो म्हणाला आणि घंटा बडवायला गेला.

तोवर आमचे हे आणि शमिका धरून मंडळाची चाळीस माणसं दम खात येऊन पोचली. डोलीतून सुनंदाताई उतरल्या आणि थेट पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी त्यांचे यजमान हरिभाऊ, निवृत्त सुभेदार मेजर, पाठ ताठ. आरती झाली. पुजाऱ्याने पहिलं पत्र उचललं. माझंच!

"श्रीमती विजयमाला उत्तमराव, सेक्टर आठ, प्रताप नगर, जयपूर." हिंदी शिकलेला माणूस, अक्षरं तर तीच! अर्थ ठार कळत नव्हता, पण वाचत होता खणखणीत. "हे गणराया, लग्न निर्विघ्न पार पडू दे. आणि मुलाच्या आईला..."

काय करू? मी टाळ्या बडवत दुसरी आरती सुरू केली! मंडळाची माणसं साधीभोळी, सगळी सामील झाली. एक झाली, दुसरी झाली, तिसरीच्या मध्यावर माझा घसा बसला. पुजारी शांतपणे थांबला होता. आवाज थांबल्यावर गहिवरून म्हणाला, "वाह! क्या भक्ति है!" आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला. आता तर सगळे कान देऊन ऐकत होते.

"मुलाच्या आईला थोडी अक्कल दे. दर वाक्याला मेस, मेस ऐकून माझे कान किटले. साखरपुड्याला शमिकाने केलेले म्हणून जे मोदक वाढले ते मी विकत आणले होते, त्याची क्षमा कर. पोरीला चहाही धड येत नाही. ताजा कलम. आजच्या शंकरपाळीने माझी दाढ हलली."

खाली दरीतूनसुद्धा उत्तर आलं, "हलली... हलली..."

"आई," शमिका रडकुंडीला येऊन म्हणाली, "मतलब, तू सगळं लिहिलंस? सगळं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्या जिभेपायी पोरीचं लग्न मोडणार होतं! सुनंदाताई वळल्या. चेहरा दगडासारखा. "उत्तमराव, बाकीच्या पत्रिका अजून वाटू नका. आमच्याकडे असं..."

"अगली चिट्ठी!" पुजारी गरजला. "श्रीमती सुनंदा हरिभाऊ, खातीपुरा, जयपूर. हे गजानना, मुलगी गुणी आहे, पण तिची आई किती बोलते..."

काय सांगू, ज्या बाईला डोलीतून आणलं होतं तिने रेलिंग ओलांडलं! "पंडितजी, रुकिए!" पत्र हिसकावून पदराखाली घेतलं.

"पुढे काय लिहिलंय गं?" हरिभाऊंनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा!"

मी पुढे झाले. "ताई, किती पानं आहेत?"

"सहा," त्या पुटपुटल्या.

सहा! माझी तर चारच होती. माझा जीव भांड्यात पडला. "ताई, तुम्ही मोदक विसरा, मी ही सहा पानं विसरते."

"आणि शंकरपाळ्या?"

"कुठल्या शंकरपाळ्या?"

त्यांनी माझा हात घट्ट दाबला. लग्न वाचलं! शमिका डोळे पुसत हसायला लागली, आणि मी देवाला साष्टांग घालणार एवढ्यात पुजाऱ्याने पुन्हा माइक ठोकला.

"एक और आपकी ही बोली में. छोटी सी है. हे विघ्नहर्त्या, पोरगी सासरी चालली. आता घरात आम्ही दोघंच. दिवसातून एक तास तरी घरात शांतता दे. तुझा, उत्तमराव."

सगळं देऊळ हसलं! सुनंदाताई तर खांबाला धरून हसत होत्या. "विहीणबाई, आता हे लग्न होणारच! असे सोशिक व्याही मला कुठे मिळणार हो?"

परतीच्या बसमध्ये मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ह्यांना हरिभाऊंशी फोनवर बोलताना ऐकलं.

"अहो, जागृत देवस्थान आहे! मी एकच तास मागितला होता!"