बेवड कशाचा?

"सायेब, तुमचा बेवड कशाचा?"

भांडगावच्या आप्पांनी पहिल्याच भेटीत हे विचारलं आणि माझं डोकं फिरलं. मी पुण्याचा, शेतीखात्यात नवाकोरा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. ताडकन म्हणालो, "मी दारूला शिवत नाही!" पारावरची माणसं हसून हसून बेजार झाली. बेवड म्हणजे आधीच्या पिकानं रानात मागं ठेवलेला कस, हे मला त्या दिवशी असं चारचौघांत कळलं.

आप्पा कशाचाही बेवड काढत. नवा मास्तर आला की, "आदी कुठल्या शाळंत हुता?" बैल बघायला गेले की, "आदी कुणाच्या दावणीला?" चहा पुढे केला तर, "ह्या कपात आदी काय हुतं?" बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, घरात दुसरं माणूस नाही. एकट्या जिवाला एवढ्या चौकशा कशाला, असं मला वाटे.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आप्पांच्या रानात मी संकरित मक्याचा सरकारी प्लॉट घातला. नोकरी अजून कच्ची होती. प्लॉट फसला तर ती गेल्यातच जमा. मका गुडघ्याला लागला, मोठ्या साहेबांची भेट आठवड्यावर आली, आणि आप्पांच्या छपरात मला प्लॉटसाठी दिलेल्या युरियाची निम्मी पोती शिवलेलीच दिसली.

"आप्पा, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!"

"मका भुईमुगाच्या बेवडावर हाय. त्याच्या मुळीच्या गाठींनी निम्मं खत आदीच घातलंय. भरल्या पोटाला किती वाढायचं?"

मी पोत्याला हात घातला, तर आप्पा छपराच्या दारात मांडी घालून बसले. उठेचनात.

नत्र कमी पडलं की मक्याचं खालचं पान शेंड्याकडून पिवळं पडत जातं. तो आठवडा मी रोज सकाळी सायकल हाणत यायचो आणि सरीत गुडघे टेकून पानं तपासायचो. कावीळ झाल्यासारखं मला सगळंच पिवळं दिसू लागलं होतं.

साहेब आले. सरळ सरीत शिरले आणि नेमकं खालचंच पान हातात धरलं.

पान हिरवंगार होतं.

"शाबास! डोस पूर्ण दिलेला दिसतोय."

मी मान डोलावणार, एवढ्यात आप्पा म्हणाले, "न्हाई सायेब, निम्माच. निम्मा भुईमुगानं दिलाय."

साहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मेलो, म्हटलं.

"कागदावर काय लिहिलंय?"

"अजून काहीच नाही," मी खरं ते सांगून टाकलं.

"मग निम्माच लिहा. आणि रानात आधी काय होतं, तेही लिहा."

आमच्या छापील फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. मी समासात लिहिलं.

जीप गेल्यावर मी बांधावर मटकन बसलो. सुटल्याच्या आनंदात आप्पांचा डाव आप्पांवरच उलटवला. "सगळ्यांचा विचारता. तुमचा बेवड कशाचा, आप्पा?"

आप्पा हसले नाहीत. मक्याकडं बघत म्हणाले, "रखमा हुती. तीस वर्सं. तिच्याच बेवडावर चाललंय."

भुईमुगाचा बेवड एका पिकाला पुरतो, फार तर दोन. अकरा वर्षं पुरलेला मी तोवर ऐकला नव्हता.