दहा सेंटीमीटरची रेघ

"अहो, रेघ काय मोजत बसलाय? रेघेवर कुणी बसणार आहे का?"

मिस्त्री जमिनीवर उकिडवे बसले होते. समोर खुर्चीचा आराखडा पसरला होता, सोळा पानांचा, कडेला कड डिंकाने चिकटवलेला. कोपऱ्यात एक जाड रेघ होती आणि तिच्याखाली छापलं होतं : 'ही रेघ दहा सेंटीमीटर भरली पाहिजे.' मिस्त्रींच्या पट्टीवर ती सात भरत होती.

"सातच भरतेय गं."

"पट्टी झिजली असेल. लग्नाआधीपासूनची आहे ती."

लाकडी पट्टी झिजली तर कडेने झिजते, लांबीने नाही, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. एरवी ते तसं बोललेही असते. पण या खुर्चीपुरती त्यांनी आपली अक्कल खुंटीला टांगून ठेवली होती, आणि टांगायला तसंच कारण होतं.

गेल्या वर्षी वाचनालयाचं कपाट करताना हाताला बरं वाटलं म्हणून त्यांनी वरचा कप्पा वीतभर उंच नेला. तेव्हापासून त्या कप्प्यातल्या पुस्तकांना एकही वाचक भेटला नव्हता. आता वाचनालयाचं नवं सभागृह उघडायचं होतं, त्यासाठी चोवीस खुर्च्या हव्या होत्या, आणि चिटणीसांनी फोनवर बजावलं होतं :

"आधी व्यासपीठावरची एक करून दाखवा. खऱ्या मापाचा आराखडा पाठवतोय. छापा, चिकटवा, लाकडावर ठेवा आणि कापा. कागदाबाहेर केसभर गेलात तर चोवीसच्या चोवीस कारखान्यातून मागवीन. या कामात तुमची अक्कल नको, मिस्त्री."

शेवटचं वाक्य कुसळासारखं रुतलं. नको तर नको, मिस्त्री म्हणाले, आणि तो आराखडा बायकोच्या स्वाधीन केला.

बायको घरी बसून विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची. तपासायच्या प्रती ती एका कागदावर दोन-दोन पानं अशा छापायची, तेवढाच कागद वाचायचा. प्रिंटरला तसं सांगून ठेवल्याला इतके दिवस झाले होते की सांगितलं होतं हेच ती विसरून गेली होती. प्रिंटर मात्र विसरला नव्हता. सोळा पानं आठ कागदांवर उतरली. "निम्म्यात भागलं!" म्हणत तिने हौसेनं प्रत्येक कागद मधोमध कापला आणि पानं जोडली.

मिस्त्रींनी कागद लाकडावर ठेवला, पेन्सिल फिरवली, करवत चालवली. कागदाबाहेर केसभर गेले नाहीत. लाकूड मात्र ढीगभर उरलं.

"इतकं कसं उरलं?"

"उरलं म्हणूनही तक्रार? पुरलं नसतं तर घर डोक्यावर घेतलं असतंत."

खुर्ची देखणी झाली. पाय हरणाचे, पाठीला वाऱ्यावर लवलेल्या पात्याचा बाक, आणि हात असे गुळगुळीत की धरले तर सोडवू नयेत. कार्यशाळेत ती एकटी उभी होती, तोवर तिच्यात काही म्हणजे काही उणं नव्हतं.

समारंभाच्या सकाळी बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढून खुर्चीशेजारी आणलं, आणि दोघंही स्टुलाकडून खुर्चीकडे बघू लागली.

"हे स्टूल उंच झालंय का हो?"

"स्टुलाचं वाढायचं वय गेलं," मिस्त्री म्हणाले.

बायको आत प्रिंटरपाशी गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला होता.

"दोन पानं एका कागदावर. प्रत्येक पान बारीक करून छापलंय मेल्याने. दहाचं सात."

"म्हणजे रेघ खरं बोलत होती."

"रेघ बोलत होती, तर तुम्ही का गप्प बसलात?"

"तूच म्हणालीस पट्टी झिजली!"

"मी म्हटलं म्हणून काय झालं? एरवी माझं किती ऐकता?"

भांडायला वेळ नव्हता. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

सभागृहात चिटणीस व्यासपीठावरच्या त्या खुर्चीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले.

"मिस्त्री, उरलेली खुर्ची कुठाय?"

"साहेब, कागदाबाहेर केसभर गेलो नाही."

"समारंभ होऊ दे. कारखान्याला फोन लावतो," चिटणीस दात आवळून म्हणाले. "आधी आतली जुनी खुर्ची आणा, पळा!"

पळायला उशीर झाला होता. उद्घाटनाच्या पाहुण्या पायऱ्या चढून वर आल्याच. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, पण उंचीला त्या चिटणीसांच्या कोपरापर्यंत येत होत्या. दहा मिनिटांत भाषण संपवणाऱ्या म्हणून त्यांना गावोगावची आमंत्रणं असत. चिटणीस खुर्ची झाकून उभे राहिले. बाईंनी त्यांना हातानेच बाजूला केलं आणि त्या बसल्या.

दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. बाई क्षणभर आपल्या पावलांकडेच बघत राहिल्या, खूप वर्षांनी माहेरचं कुणी भेटावं तशा. मग त्यांनी बसूनच माईक हातात घेतला.

"साठ वर्षं मी व्यासपीठांवर बसतेय. प्रत्येक खुर्चीत पाय लोंबकळायचे. दहा मिनिटं झाली की मुंग्या यायच्या, म्हणून मी आवरतं घ्यायची. लोकांना वाटायचं, बाई मोजकं बोलतात."

सभागृह हसलं.

"आज पाय टेकलेत," बाई म्हणाल्या. "तेव्हा पहिल्यापासून सांगते."

आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. दीड तास झाला तेव्हा त्या स्वतःच्या तिसरीच्या वर्गात होत्या. चिटणीस भिंतीला घासत घासत मागे मिस्त्रींपाशी आले.

"चोवीस खुर्च्या तुम्हीच करा."

"कागद कुठला, साहेब?"

"कागद गेला खड्ड्यात, त्यानंच ही पाळी आणली. तुमच्या अकलेनं करा." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "फक्त एक सांगा, या खुर्चीचे पाय वाढवता येतील का? बाई म्हणाल्यात, दर महिन्याला येईन."

मिस्त्रींनी व्यासपीठाकडे पाहिलं. बाई मागे रेलल्या होत्या, चौथीत जायच्या बेतात.

"नाही साहेब," ते शांतपणे म्हणाले. "कापलेलं लाकूड वाढत नाही."

समोरच्या रांगांतून लोक एकेक पाय हळूच उचलून झटकत होते. मुंग्या आता तिकडे आल्या होत्या.