बद्रीनाथचं बोट आणि चतुराबाईचा भोपळा

"आत्या, लिहून ठेव! कुत्रं माणसाचं बोट वाचतं. आपण पेपर वाचतो तसं!"

बद्रीनाथनं हे छाती ठोकून सांगितलं तेव्हा चतुराबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मंग पेपर कामून नाही वाचत ते? बोटातच काय ठेवलंय?"

आता अशा बाईपुढं विज्ञान कसं टिकायचं? पण बद्रीनाथ टिकला होता. घनसावंगीकडच्या या गावातून तो पुण्याला शिकायला गेला, तो थेट कुत्र्यांच्या मागेच लागला. लोकांच्या मागे कुत्री लागतात, हा कुत्र्यांच्या मागे! कुत्र्याला अक्कल किती आणि ती त्याच्या डोक्यात कुठं असते, हा त्याचा विषय. पुण्याच्या बंगल्यांच्या फाटकाबाहेर तो इतकी वर्षं उभा राहिला, की पोस्टमन चुकून त्याच्याच हातात पत्रं देऊन जात. चावून घेतलेल्या जागा त्याच्या अंगावर इतक्या होत्या, की नवीन कुत्रं आलं तर त्याला चावायला कोरी जागा शोधावी लागे!

आणि एवढ्या हालांतून प्रबंध उभा राहिला, 'श्वान आणि मानवी बोट'. दोन पालथी मडकी मांडायची. दोन्हींना मटणाचा रस्सा चोळायचा, म्हणजे वासावरून काही कळायला नको. एकाखाली मटणाचा तुकडा. माणसानं त्या मडक्याकडं बोट दाखवायचं, की कुत्रं बरोबर तिकडंच जाणार! बंगल्यातली कुत्री जात होती. पण पुण्याचे मोठे सर, ज्यांच्या सहीवर याची डॉक्टरकी अडली होती, ते म्हणाले, "ही शिकवलेली कुत्री आहेत. गावठी कुत्रं तुमचं बोट मानतं का, ते माझ्या डोळ्यांनी बघेन, मगच सही."

बद्रीनाथ म्हणाला, "सर, माझ्याच गावी चला!"

झालं. सही झाली तर डॉक्टर बद्रीनाथ. नाही झाली, तर वडलांच्या, अण्णासाहेबांच्या खताच्या दुकानात एक खुर्ची कधीची रिकामी होती. अण्णासाहेब रोज सकाळी ती फडक्यानं पुसत. बोलत काही नसत. नुसती पुसत.

सर यायच्या दिवशी सकाळी बद्रीनाथनं चतुराबाईच्या अंगणात रंगीत तालीम मांडली. कुत्रं तिचंच, खंड्या. अंगणाच्या भिंतीवर दुधी भोपळ्याचा वेल आणि त्याला लागलेला एकच कोवळा भोपळा. तो तिनं महालक्ष्म्यांच्या जेवणासाठी राखला होता. दिवसातून दहा वेळा त्याच्यावरून हात फिरवायची. सख्ख्या भाच्यावरून तिनं कधी एवढा फिरवला नव्हता.

बद्रीनाथनं भिंतीजवळच्या मडक्याकडं ऐटीत बोट रोखलं आणि चतुराबाई परात टाकून धावली.

"ए बद्र्या! भोपळ्याला बोट दाखवून राह्यला! सडन ना तो!"

"आत्या, मी मडक्याला दाखवतोय."

"मडकं खाली हाये, भोपळा वर हाये, बोट मधी हाये! वाकडं कर आधी ते!" आणि तिनं त्याचं बोट धरून असं मुडपलं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुम्हाला माहीतच असेल, कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते सडतं. पण या गावात ते जरा जास्तच माहीत होतं. भिंत दिसली की वेल, वेल दिसला की भोपळा, दोडका, काकडी. बोट दाखवायला मोकळी जागाच नाही! त्यामुळं अख्खं गाव बोटं मुठीत ठेवून हनुवटीनं बोलायचं. "मारुतीचं देऊळ कुठंय?" हनुवटी डावीकडं. "बस गेली का?" हनुवटी रस्त्याकडं. पोर आधी हनुवटी उडवायला शिकायचं, मग चालायला.

"आत्या, सायन्समधी असलं काही नसतं," बद्रीनाथ बोट चोळत म्हणाला.

"तुह्या सायन्सनं भोपळे पिकिवले का कधी? जाय, पारावर जाय तुहे मडके घेऊन!"

तालीम राहिली ती राहिलीच. पण बद्रीनाथला काळजी नव्हती. त्यानं कडूबा कोतवालाला गाठलं. "कडूबाभाऊ, दवंडी दे. दुपारी पारावर श्वानाचा प्रयोग आहे. कुणी मधे यायचं नाही, कुणी हलायचं नाही. कुत्रं कुणीकडं जातं ते सरांना बघायचंय."

कडूबानं मान डोलावली. त्याला 'श्वान' एवढाच शब्द ओळखीचा वाटला, कारण तो त्यानं पोलीस ठाण्यात ऐकला होता. आणि आठच दिवसांपूर्वी तातेरावच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली होती. कडूबानं डोक्यात दोनास दोन मिळवले आणि गावभर ओरडत सुटला, "ऐका हो! पारावर श्वानपथक आलंय! पुण्याचे साहेब येऊन राह्यले! घरटी एक मानूस हजर! कुत्रं कोनाकडं जाईल ते बघनार हायेत! जो हलला तो मेला!"

दुपारी परतूर स्टेशनवरून जीपनं मोठे सर आले तेव्हा पारापुढचं मैदान माणसांनी गच्च भरलं होतं. बद्रीनाथ हरखून गेला. गावाला विज्ञानाची एवढी गोडी! फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. कुणी खोकत नव्हतं. कुणी तंबाखूसुद्धा मळत नव्हतं. सगळे फोटोला बसल्यासारखे गप्प, आणि सगळ्यांचे डोळे खंड्यावर.

सर बाजूला खुर्चीवर बसले. मधे दोन मडकी. बद्रीनाथनं घसा खाकरला, खंड्याला समोर बसवलं आणि डाव्या मडक्याकडं बोट रोखलं.

डाव्या मडक्यामागची माणसं सर्रकन उजवीकडं सरकली!

"ओ बद्रीनाथ, माह्याकडं बोट कामून?" एक जण कापत्या आवाजात म्हणाला. "म्या त्या दिवशी राजूरला गेल्तो! गनपतीला इचारा!"

"हलू नका!" बद्रीनाथ ओरडला.

"हलू नका म्हनतो!" लोक कुजबुजले आणि आणखी गोठले. तातेराव पहिल्या रांगेत हातात कासरा घेऊन उभा होता, चोर सापडला की बांधायला. त्याच्या शेजारी बांधाला बांध असलेला अप्पाराव, घामानं निथळत. "लई उकडून राह्यलं," तो सगळ्यांना सांगत होता. आभाळ भरून आलं होतं आणि गार वारा सुटला होता.

खंड्या बोटाकडं बघत नव्हता. तो बद्रीनाथच्या तोंडाकडं बघत होता. बद्रीनाथनं बोट हलवलं. हात लांब केला. आणखी लांब केला, इतका की खांदा कट्कन वाजला. खंड्यानं जांभई दिली.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा! उजवं मडकं! उजवीकडची माणसं डावीकडं. खंड्या जागचा हलला नाही.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं," सरांनी पेनाला टोपण लावलं. टोपणाचा तो टक् आवाज बद्रीनाथच्या काळजात गेला. डोळ्यांपुढं खुर्ची आली. दुकानातली, पुसलेली.

त्यानं सगळा जीव त्या एका बोटात आणला. आणि त्याला वाटलं, खंड्याचा कान हलला! आता जातो! तो सरांना म्हणायला गेला, "बघा सर!" पण आवाज फुटेना. तेव्हा नुसती हनुवटी त्यानं सरांकडं उडवली.

खंड्या ताडकन उठला. दोन्ही मडक्यांच्या मधून चालत गेला आणि सरांच्या पायाशी जाऊन बसला. शेपूट हलवत.

आणि मग तातेराव गरजला, "सापडला! धरा!"

सर खुर्चीवरून उठायच्या आत त्यांचे दोन्ही हात चार जणांनी धरले.

"मोटर कुठं हाये?"

"कसली मोटर?" सर ओरडले.

"बघा! मोटरचं नाव घेतलं ह्यानं!"

"अहो, मी जन्मात पहिल्यांदाच या गावी येतोय!"

"चोर काय दर रविवारी येतो का?"

"सोडा त्यांना!" बद्रीनाथ गर्दीत घुसला. "ते माझे सर आहेत! माझी परीक्षा घ्यायला आलेत!"

"मंग मोटर कामून घेतली?"

सगळ्यांत मोठा आवाज अप्पारावचा होता. त्याचा घामही एकाएकी आटला होता. "बांधा त्याला! म्या पयलेच म्हन्लो व्हतो, बाहेरचा मानूस हाये! तोंडावरच दिसून राह्यलं! तातेराव, कासरा आन जल्दी!"

कासरा आला. सरांचा चष्मा एका कानावर लोंबत होता. बद्रीनाथला दिसत होतं, सही आता सात जन्मांत होत नाही. दोन्ही हात धरलेले, त्यामुळं सरांना हातवारे करता येईनात. त्यांनी अप्पारावकडं हनुवटी उडवली आणि किंचाळले, "आधी ह्या गृहस्थांना आवरा!"

खंड्या उठला. शांतपणे चालत गेला आणि अप्पारावच्या पायाशी जाऊन बसला.

सरांचे हात अर्धवट सुटले.

"हाड!" अप्पाराव मागं सरकला. "हाड, हाड!" तो पारावर चढला. आता अख्ख्या गावाच्या हनुवट्या त्याच्याकडं वळल्या, "तिकडं गेला, तिकडं गेला!" आणि खंड्याला एवढ्या सगळ्या माणसांचं ऐकण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आलेली! तो उडी मारून पारावर चढला. अप्पाराव पिंपळाला टेकला. पुढं कुत्रं, मागं झाड.

"तातेराव!" अप्पारावनं हात जोडले. "माह्या कडब्याच्या गंजीत हाये मोटर! पार्टसुदिक काढला न्हाई! कुत्रं आवर बाप्पा!"

त्यानंतर जो कल्ला झाला त्यात बद्रीनाथ एकटाच मधे पुतळ्यासारखा उभा होता. मग तो वेड्यासारखा ओरडला, "हनुवटी! सर, हनुवटी!" त्यानं खंड्याला हाक मारली, दोन्ही हात पाठीमागं धरले आणि हनुवटी डाव्या मडक्याकडं उडवली. खंड्या डावीकडं. उजवीकडं उडवली, खंड्या उजवीकडं! मडकं पाडून तुकडा फस्त! या गावात जन्मलेल्या कुत्र्यानं बोट असं कधी बघितलंच नव्हतं. त्याच्या लेखी बोट ही भाकरी टाकायची वस्तू!

गावानं बद्रीनाथला खांद्यावर घेतलं. सरांना चतुराबाईनं चहा पाजला, तातेरावनं स्वतः पाया पडून त्यांचा चष्मा सरळ केला. जीपमध्ये बसताना सर म्हणाले, "शोध मोठा आहे. माणूस जसा दाखवतो तसं कुत्रं शिकतं. मी तर थक्क झालो."

बद्रीनाथचं काळीज उड्या मारायला लागलं. "मग सर, माझी सही?"

"प्रबंधाचं नाव काय आहे तुमच्या?"

"'श्वान आणि मानवी बोट'."

"आणि बोटाकडं खंड्या किती वेळा गेला?"

बद्रीनाथनं आपलं बोट हळूच मुठीत घेतलं.

"हनुवटीवर लिहा," सर प्रेमानं म्हणाले. "पहिल्यापासून." आणि जीप धूळ उडवत परतूरच्या रस्त्याला लागली.

पुढं त्यानं हनुवटीवर लिहिलं, डॉक्टर झाला, मोठमोठ्या परिषदांमध्ये दोन्ही हात खिशात घालून भाषणं केली, हे सगळं खरं. पण ते फार नंतरचं. त्या आठवड्यात मात्र तो चतुराबाईच्या ओट्यावर तोंड पाडून बसलेला असायचा. गाव 'मोटर डॉक्टर' म्हणून हरवलेल्या कोंबड्या विचारायला यायचं, आणि अण्णासाहेबांचा निरोप आला होता, "खुर्चीला नवीन गादी शिवली."

तिसऱ्या दिवशी चतुराबाई अंगणातून तरातरा आली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय रे बद्र्या, त्या सरानं शेवटी दिलं काय तुला?"

"काय देणार, आत्या?" बद्रीनाथनं उसासा टाकला. "भोपळा दिला."

"मंग आन इकडं जल्दी!" चतुराबाई कडाडली. "माहा तर तुह्या बोटानं सडला!"