भूमिका : नवरा

उंटावरून पडल्यास एक फासा टाकावा. उंट पळत असल्यास दोन.

राज्याभिषेकात शिंक आल्यास पाहा प्रकरण : तोफखाना.

मृताला बढती देता येईल, पगारवाढ नाही.

वाळवंट, विमानतळ, बाळंतपण : नियम सारखेच.

प्रेम हे ओझे समजावे आणि वजनात धरावे.

ही सगळी वाक्यं एकाच पुस्तकातली आहेत, आणि ती एका संसारी माणसाने पूर्ण शुद्धीत लिहिली आहेत. मित्रमंडळी त्याला सूत्रधार म्हणत. टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांचा त्याला नाद होता. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन बोलतात, आणि कुठे अडलं की फासे टाकून नियम बघतात. सूत्रधाराला असा एकच खेळ रचायचा होता, ज्यात जगातलं काहीही खेळता येईल. नाव 'सर्वसमावेशक'. नोकरीही त्याला साजेशी मिळाली होती. एका मोठ्या कचेरीच्या सर्वसाधारण विभागात तो होता. म्हणजे ज्या कागदाचं काय करायचं हे दुसऱ्या कुठल्याच विभागाला कळत नसे, तो कागद त्याच्याकडे येई आणि तिथे त्याला चिरशांती लाभे.

"तर तुम्ही एका दारापाशी आला आहात," एका रविवारी सूत्रधार म्हणाला. टेबलाशी त्याची बायको होती आणि शाळेपासूनचा मित्र, दंतवैद्य. हा दंतवैद्य दातांची फक्त मुळं साफ करायचा. दात उपटायचा असला तर माणसाला वरच्या मजल्यावर धाडायचा.

"कसलं दार?" दंतवैद्याने विचारलं.

"कसलंही असू शकतं. किल्ल्याचं, बँकेचं, अंतराळयानाचं."

"आणि मी कोण?"

"कोणीही."

"अरे बाबा, माझी भूमिका काय यात?"

"तीच तर गंमत आहे! काहीही."

दंतवैद्याने कप खाली ठेवला. "काहीही म्हणजे काहीच नाही. माझ्याकडे पेशंट ठणकत्या गालावर हात ठेवून येतो. त्याला मी म्हटलं, दुखणं कुठलंही असू शकतं, तर तो दार कसलं ते विचारत बसेल का? मिळेल त्या दाराने पळेल." आणि तोही पळाला. नदीपलीकडच्या एका मंडळात म्हणे हल्ली फार नेमके खेळ खेळतात. परवाच्या खेळात दोन दीपगृहरक्षक होते, दोघांनाही सर्दी, आणि रुमाल एकच. "इतका रडलो, इतका रडलो," जिना उतरता उतरता दंतवैद्य सांगत होता, "की शेवटी रुमालावरून खरंच भांडलो."

बायको टेबलावरून उठली नव्हती. ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. बाटलीचं बूच काढून नुसत्या वासावर नदी की विहीर ते सांगायची.

"मलाही एक विचारायचंय," ती म्हणाली. "खेळातलं नाही. माझी बदली झालीय. धरणाजवळच्या प्रयोगशाळेत. म्हणजे तिकडेच राहायचं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. जाऊ की नको?"

सूत्रधाराने सर्व बाजूंनी विचार केला. सर्व बाजूंनी विचार करणाऱ्या माणसाचं होतं तेच झालं. तो मधोमध उभा राहिला.

"दोन्हींत तथ्य आहे."

"दोन्हींत म्हणजे?"

"जाण्यातही आहे आणि न जाण्यातही. मला कुठलीच शक्यता बंद करायची नाहीये."

"अरे, मी दार नाहीये," बायको म्हणाली आणि कप विसळायला गेली.

हे वाक्य सूत्रधाराला लागलं. आपलं काहीतरी चुकतंय हे त्याला मनापासून पटलं, आणि मनापासून पटल्यावर माणूस जे करतो ते त्यानेही केलं. चूक रचनेत आहे असं ठरवलं. दंतवैद्याचं बरोबर होतं. आपण फार पसरट आहोत. आता नेमकं व्हायचं.

त्याने रजा टाकली आणि नवा खेळ रचायला घेतला. विषय : संसार. पण संसार म्हणजे पुन्हा उंटापासून तोफखान्यापर्यंत सगळंच आलं. मग विषय : बदली. तोही मोठा वाटला. बदल्या काय, पोलिसांच्याही होतात. असं तासता तासता तो एका टोकदार खेळावर आला. खेळाडू दोन. स्वयंपाकघर एक. बदलीचा आदेश एक. 'व्याप्ती अत्यंत मर्यादित. इतर कुठल्याही जोडप्यास लागू नाही,' असं त्याने वर ठळक लिहिलं.

"ठरवलंस का काही?" बायको मधून मधून दारात येऊन विचारी.

"अगं, तुझंच तर काम चाललंय!" तो मान वर न करता म्हणे.

शुक्रवारी सकाळी त्याने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, फासे मांडले आणि तिला हाक मारली.

"म्हणजे यात तू बोलणार?" तिने हात कोरडे करत विचारलं.

"बोलावंच लागेल. नियमच आहे."

ती खुर्ची ओढून बसली. कितीतरी दिवसांनी ती अशी पुढे सरकून बसली होती. तिने नियमांचा कागद उचलला आणि वाचायला लागली.

'भूमिका : बायको (एक). हिने उत्तर मिळवायचे आहे.

'भूमिका : नवरा (एक). यास पुढील चारच वाक्ये बोलता येतील. तू म्हणशील तसं. मी कुठे नाही म्हणतोय? आपण बघू. चहा टाकतेस का?'

तिने कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"आणि 'जाऊ नकोस'?"

"ते आधी होतं. पण त्याने खेळ लगेच संपत होता."

"'मीपण येतो'?"

"त्याने खेळ पसरतो गं. मग नवं गाव आलं, माझी नोकरी आली, सामान आलं. नेमकेपणा राहत नाही."

बायकोने कागद टेबलावर ठेवून हातांची घडी घातली. "बरं. खेळू या. मी जाऊ?"

सूत्रधाराने फासा टाकला. "तू म्हणशील तसं."

"तुला चालेल, मी इथे नसले तर?"

पुन्हा फासा. "मी कुठे नाही म्हणतोय?"

"अरे, तो फासा ठेव बाजूला. माझ्याकडे बघ."

"आपण बघू."

तिला हसू फुटलं. तोही हसला, कारण इतक्या नेमक्या जागी वाक्य पडेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. तिचं हसू आधी थांबलं.

"छान जमलाय रे," ती म्हणाली. "अगदी हुबेहूब."

लग्न झाल्यापासून त्याच्या खेळाला तिने पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. तो इतका खूश झाला की समासात 'चाचणी यशस्वी' अशी नोंद करून मगच त्याने वर पाहिलं. तोवर ती बाहेरच्या खोलीत आपल्या साहेबांना फोन लावून होकार कळवत होती.

ती गेल्यावर त्याने खेळ नदीपलीकडच्या मंडळाला पाठवला. मंडळाने छापला. आणि ज्या 'सर्वसमावेशक'मध्ये त्रिभुवन मावत होतं त्याला एकही खेळाडू मिळाला नव्हता, तर जो खेळ जगात एकाच जोडप्यासाठी होता, त्याची घरोघरी पारायणं सुरू झाली. एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलं, आमच्या घरात कोणाला लपवून ठेवलं होतंत का? एका नववधूने कळवलं, आमच्याकडे फासेही लागत नाहीत. दंतवैद्याच्या बायकोने तर आपल्या नवऱ्याच्या वतीने पाचवं वाक्य सुचवलं : पेशंट थांबलाय. वर्षअखेरीस मंडळाने या खेळाला सर्वांत व्यापक रचनेचा मान दिला. सत्कारात कोणीतरी विचारलं, पुढे काय? सूत्रधार म्हणाला, "आपण बघू." टाळ्या थांबेनात.

तुमच्या घरी त्याची प्रत नसेल तर मागवायचे कष्ट घेऊ नका. चारही वाक्यं तुम्हाला तोंडपाठ आहेत. त्यांतलं एक आज सकाळीच वापरून झालंय.

आदेश आला त्याच दिवशी तिने साहेबांना विचारलं होतं, बदली रद्द होईल का. साहेब म्हणाले होते, होईल की. फक्त घरून नको म्हणतात, एवढं कळवा.