दाजींच्या लेकीचं सासर

माझे दाजी म्युझियममध्ये पाणी पीत नाहीत. भर उन्हाळ्यात गंगापूरहून एसटीनं आले, घशाला कोरड पडली, तरी नाही. लेकीच्या सासरी नातवंड होईस्तोवर पाण्याला शिवायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. आता दाजींना मूलबाळ नाही. त्यांनी म्युझियमला एक बिदरी हुक्का, हिमरूच्या दोन शाली आणि एक सुरई दिलीये. त्याच त्यांच्या लेकी.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. गंगापुरातली कापसाची जिनिंग विकून त्यांनी म्युझियमला जुन्या वस्तू द्यायला घरचा ट्रस्ट काढला. अध्यक्ष दाजी, खजिनदार अक्का आणि सभासद दाजींचा चुलतभाऊ, ज्याला हुक्का न् हंडा यातला फरक कळत नाही. माझा जन्म गुलमंडीवर तांब्या-पितळेची भांडी विकण्यात गेला, पण मला कुणी विचारलं नाही. म्युझियममधल्या पाट्यांवर त्या चुलतभावाचं नाव वाचलं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

म्युझियमला इमारत असते, राखणदार असतो, पण नवी वस्तू घ्यायची म्हटलं की हात आखडतो. मग तिथल्या मॅडम दाजींना सांगतात, आमच्याकडं अमुक नाही. दाजी शोधायला निघतात. "घाई नाय करायची. आधी माणसं बघा, मग वस्तू बघा," हे त्यांचं पालुपद. वस्तू मिळाली तरी लगेच देत नाहीत. "माहेरपण होऊ द्या जरा," म्हणून ती कितीतरी दिवस त्यांच्या बैठकीत मिरवते. तोवर दाजी म्युझियमच्या चकरा मारून चौकशी करतात. खोलीत ओल येते का, ऊन कुठनं पडतं, राखणदाराचा स्वभाव कसाय.

सुरई आधी मी पाहिली होती, हे इथं स्पष्ट सांगतो. शहागंजातल्या एका जुन्या घरी. बिदरीच्या काळ्या धातूवर चांदीची वेल, आणि मान अशी की बघत राहावं. भाव पाडायला म्हणून मी तोंड वाकडं केलं, "बरी आहे" म्हणालो आणि घरी आलो. मागनं दाजी गेले. सुरई बघून त्यांचे डोळे भरून आले. त्या घरच्या म्हाताऱ्या खालाजाननी "ले जाओ भाई, तुम सँभालोगे," म्हणत ती त्यांच्या हवाली केली. मला कितीतरी दिवस अन्न गोड लागलं नाही.

पाठवणीच्या दिवशी तर कहरच. अक्कानं खण, नारळ, तांदूळ घेऊन सुरईची ओटी भरली. मी कोपऱ्यात जळत उभा. दाजी म्हणाले, "दिगंबर, तू मामा हायेस ना? मग उचल की. भाचीला मामानंच न्यायचं असतं." जी माझी व्हायची, तिला मी माझ्याच हातांनी सासरी पोचवलं. म्युझियममध्ये सगळ्यांनी चहा घेतला. दाजींनी नाही.

"अहो, सुरईला नातवंड कुठनं व्हायचं?" परतताना मी म्हणालो. "जन्मभर तहानलेले राहाल."

"ऱ्हाईन की," दाजी म्हणाले. "आपल्याला कुठं घाई हाय?" मग अक्काला घेऊन गंगापूरच्या एसटीत चढले.

परवा मॅडमनी आम्हा तिघांना बोलावलं. ज्यांना दिसत नाही त्यांना हात फिरवून सुरई समजावी, म्हणून त्यांनी तिची वीतभर मातीची नक्कल करून घेतली होती. ती कपाटाबाहेर टेबलावर ठेवलेली. मान हुबेहूब आईची. दाजींनी ती उचलली. एक हात खाली, एक मानेखाली, तान्ह्याला धरतात तशी. अक्कानं पदर तोंडाला लावला.

मग दाजी राखणदाराकडं वळले.

"भाऊ, प्यायला पाणी हाय का?"

तांब्याभर पाणी प्याले. वर आणखी मागितलं.

माझा पोरगा पुण्यात आहे, लग्नाचं नाव काढत नाही. या माणसानं माझी सुरई नेली, पाटीवर नाव लावलं, आणि आता माझ्याआधी आजोबा झाला. मला राहवेना. मी दोन्ही हात पुढं केले.

"दाजी, द्या की इकडं जरा. मीही आजोबाच लागतो."

दाजींनी ती छातीशी धरली आणि माझ्या हातांकडं पाहिलं.

"आधी हात धुऊन ये," म्हणाले.

मी गेलो, आणि साबण लावून हात धुऊन आलो.