यादीतलं अठरावं नाव

सकाळी साडेदहाला सिनेट समितीची कारकून लोर्ना वायकॉफनं यादी शेवटची नजरेखालून घातली आणि ती खुर्चीतून ताडकन उठलीच. नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेच्या, सतरा अधिकाऱ्यांच्या बढत्या राज्याच्या सिनेटपुढे जायच्या होत्या आणि नावं निघाली अठरा! अठराव्या ओळीत लेफ्टनंट कर्नल म्हणून होता अर्ल स्वेन्बी, सिनेटच्या खालच्या कँटीनचा आचारी. तीस वर्षांनी निवृत्त होतोय म्हणून त्याच्या आभाराचा वेगळा ठराव होता. घाईघाईत लोर्नानंच त्याला फौजेत घातलं होतं.

बारा वाजता अधिवेशन संपणार, ते थेट जानेवारीत भरणार. बाहेर बाकावर मेजर डनिगन कडक इस्त्रीत बसला होता. आज लेफ्टनंट कर्नलची बढती हुकली, तर ऑगस्टमध्ये वयाच्या अटीनं तो घरी बसणार होता. लोर्ना समितीचे अध्यक्ष प्रुइट यांच्याकडे धावली.

"साहेब, एक नाव काढायचंय."

"आत्ता? अगं, नाव काढलं तर अख्खी यादी परत समितीकडे."

"अहो, पण तो स्वयंपाकी आहे!"

"हळू बोल बाई! एका दमात 'मंजूर' म्हणून मोकळे होतो आम्ही. वाचतंय कोण?"

पण लोर्नाच्या जिवाला चैन पडेना. उद्या पेपरात आलं की नोकरी गेलीच! तिनं सिनेटर ब्यूला क्रँट्झना गाठलं. "बाई, अठराव्या नावावर वेगळं मतदान मागा आणि ते पाडा. एवढं कराच."

ब्यूलाबाईंनी उभं राहून वेगळं मतदान मागितलं मात्र, चौतीस जणांनी चष्मे शोधले आणि यादी वाचायला घेतली. झाली का पंचाईत!

"हा डनिगन कोण?"

"आपल्याला नाही बुवा माहीत."

"मग न बघता माना डोलवायच्या? लोक काय म्हणतील!"

सगळ्यांना एकदम कर्तव्य आठवलं. सतराही नावं चौकशीसाठी जानेवारीवर गेली. मग अठरावं आलं.

"अर्ल? आपला अर्ल? तीस वर्षं त्याच्या हातचं खातोय! त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार आहे?"

"छे हो, माझी कसली?" म्हणत ब्यूलाबाई गपकन खाली बसल्या.

"पण तो लेफ्टनंट क–" प्रुइट उठले.

"बसा हो, बारा वाजले!"

चौतीस विरुद्ध शून्य.

लोर्नाला रडू फुटलं. डनिगन बाकावर नव्हता; त्याची माफी मागायला ती खाली कँटीनमध्ये गेली, तर बातमी तिच्याआधीच पोचली होती. मेजर रांगेत होता. त्याची पाळी आली, तसा त्यानं टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

"सर, वाटीभर सूप मिळेल?"

अर्लनं पळी खाली ठेवली.

"विश्राम, मेजर! आधी ताट घे."