बिझनेस सेंटरमधली मापं

शिवाजी पेठेत तीस वर्षं कपडे शिवून दस्तगीर टेलर एकच गोष्ट छातीठोकपणे सांगायचे, "गिऱ्हाईक येत न्हाय, कारण गाडी लावायला जागा न्हाय!" म्हणून त्यांनी पेठेतलं दुकान बंद करून हायवेजवळच्या नव्या बिझनेस सेंटरमध्ये तिसऱ्या मजल्यावर गाळा घेतला. "तिथं हापिसंच हापिसं हायत," ते बायकोला, मेहमुदाला म्हणाले. "सायेब लोक रांग लावत्यात का न्हाय बघ!"

पहिल्या सकाळी पाटी लागायच्या आधीच दारात खरोखर रांग! चाळीसेक माणसं, हातात फायली.

"कपड्यासाठीच न्हवं?" दस्तगीरनी विचारलं.

रांगेत सगळ्यांत पुढं कबनूरच्या बाळाबाई होत्या. यंत्रमागाचा कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेल्या. "वॉचमननं इथंच पाठवलंय," त्या म्हणाल्या.

दस्तगीरनी मापं घ्यायला सुरुवात केली. छाती, कंबर, बाही! विसाव्या माणसाला त्यांच्या पाठीत चमक भरली. चाळिसाव्यापर्यंत ते स्वतःच टेपसारखे लोंबायला लागले.

"म्हंजी काम लागलं न्हवं?" बाळाबाईंनी विचारलं.

दस्तगीरना वाटलं, आपल्यालाच विचारतायत. "लागलं की! सकाळधरनं लागलंय!"

झालं! मापं युनिफॉर्मचीच, म्हणजे नोकरी पक्की, असं समजून कुणी घरी फोन केले, कुणी पेढे आणले. नवऱ्याला सांगताना बाळाबाई तर रडल्याच. नव्या दुकानाचे समजून दस्तगीरनीही दोन पेढे खाल्ले.

तेवढ्यात शेजारच्या ऑफिसातला मॅनेजर अरिहंत धावत आला. सफाईला माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. "काका, मी दोन तास मुलाखतीला माणसांची वाट बघतोय! आणि जागा बाराच आहेत!"

दस्तगीरनी स्वतःच सगळ्यांना खरं सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, तेच जास्त लागलं.

"आता घरी काय सांगू?" बाळाबाई म्हणाल्या.

दस्तगीर तसेच अरिहंतच्या ऑफिसात शिरले. "चूक माझी हाय. ह्या बाई दोन गाड्या बदलून सगळ्यांच्या आधी आल्यात. निदान नीट विचारून तर बघा!"

संध्याकाळी बाळाबाई हसत बाहेर आल्या. "घेतलं मला! युनिफॉर्म तुमीच शिवणार न्हवं?"

"युनिफॉर्म पुण्याहून तयारच येतो," मागून अरिहंत म्हणाला. "बाह्या तेवढ्या लांब असतात, त्या तुम्ही कमी करून द्या."

दस्तगीर स्टुलावर टेकले. मेहमुदाचा फोन आला, "आलतं का गिऱ्हाईक?"

"आलतं की," ते पाठ चोळत म्हणाले. "बाह्यांपुरतं."